पोरांच्या मनासाठी गाव एकत्र कसं येईल? कोकणपट्टीतल्या पालकांचे, शिक्षकांचे आणि मंडळांचे नेहमीचे प्रश्न

आत्ताच मदत हवी आहे. काय करू?

खालचं काही वाचत बसू नका. १४४१६ लावा. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसत असेल तर ११२. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर १०९८ वरही मदत मिळते. आणि त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. फोन लागेपर्यंत, गाडी येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसून राहा.

पोरांच्या मनासाठी गावाने भागीदारी करावी म्हणता, म्हणजे नक्की करायचं काय?

मुलाच्या मनाची घालमेल ज्याला आधी दिसते, त्याच्या हातात बहुतेक वेळा उपाय नसतो. ज्याच्याकडे उपाय असतो, त्याच्यापर्यंत ते मूल पोचत नाही. वर्गशिक्षिकेला दिसतं की मुलगी हल्ली वहीत काही लिहीत नाही. ती मुख्याध्यापकांना सांगते, मुख्याध्यापक घरी निरोप देतात, वडील जहाजावर असतात, आई म्हणते “बघते”, आणि विषय तिथेच थांबतो. यात कुणी वाईट नसतं. पुढे कुणाला सांगायचं ते ठरलेलं नसतं.

ते आधीच ठरवून ठेवणं म्हणजे भागीदारी. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत, बचत गट, मच्छीमार सोसायटी, वाडीचं मंडळ यांनी एकदा बसायचं आणि ठरवायचं: लक्ष कोण ठेवेल, बोलेल कोण, दवाखान्यात सोबत कोण जाईल, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा घरी जाऊन विचारपूस कोण करेल. नुसतं व्याख्यान ठेवलं, हारतुरे झाले, फोटो निघाले, तर त्याला आम्ही भागीदारी म्हणत नाही. पंधरा दिवसांनंतरची ती विचारपूस होते का, यावर सगळं ठरतं.

आत्महत्यांचं दुखणं विदर्भ-मराठवाड्याचं. कोकणात कुठे असतं असलं काही?

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आपल्याकडून क्वचित येतात, त्यामुळे आपण निर्धास्त राहतो. पण मुलांचं दुःख सातबाऱ्यावर दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. देशभरात मृत्यू पावलेल्यांमध्ये १३,०४४ विद्यार्थी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १५ ते २९ या वयात मृत्यूच्या मोठ्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. आपलं गाव या सगळ्याच्या बाहेर आहे असं समजायला काही आधार नाही.

इथल्या मुलांवर वेगळा ताण काय आहे?

आधी एक गोष्ट: आत्महत्येमागे एकच कारण कधीच नसतं. आजार, घरातली परिस्थिती, एकटेपणा, एखादा अपमान, मनात आधीपासून साठलेलं असं बरंच एकत्र येतं. “मार्क कमी पडले म्हणून” हे वाक्य गावाला सोयीचं वाटतं, पण ते पुरं नसतं.

तरी निकालाबद्दल बोलायलाच हवं, कारण तो आपल्याकडे फार वेगळ्या तऱ्हेने लागतो. २०२५ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के होता आणि बारावीचा ९६.७४. दोन्हींत राज्यात पहिला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. दुपारी निकाल लागतो. अर्ध्या तासात वाडीच्या ग्रुपवर टक्केवारी यायला लागते, पेढ्यांचे फोटो, मुंबईच्या काकांचे अंगठे. ज्याचं नाव तिथे येत नाही, त्याचं न येणं सगळ्या वाडीला कळतं. जिथे शंभरातले साठ पास होतात तिथे नापास झालेल्याला सोबत असते. आपल्याकडे तो वर्गात एकटा असतो, कधी कधी अख्ख्या शाळेत एकटा. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, हे त्या दुपारी त्याला सांगायला कुणी जवळ नसतं.

दुसरं म्हणजे रिकामी घरं. बाप मुंबईला नाहीतर बोटीवर, कधी कधी आईसुद्धा मुंबईला, आणि मूल आजीकडे. आजी जेवू घालते, जीव लावते, पण फोनवर रात्री काय चाललंय ते तिला कळायचा मार्ग नाही. बारावीनंतर मुलगा स्वतःच मुंबई-पुण्याला जातो, दहा बाय दहाच्या खोलीत चारजणांत राहतो, आणि गणपतीला आला की “मजेत आहे” म्हणतो. चाकरमान्याने गावाला रडगाणं सांगायचं नाही, ही आपली जुनी सवय आहे.

आणि समुद्र, पाऊस. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारी पुन्हा धरायला वर्षं लागतात. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाडजवळ तळियेत दरड कोसळली. नुकसानभरपाईचे पंचनामे झाले. तेव्हा जी मुलं आठवी-नववीत होती त्यांना पाऊस वाढला की आजही झोप लागते का, हा प्रश्न कुठल्या पंचनाम्यात नव्हता.

कुणाकुणाला सोबत घ्यावं?

आशाताईंपासून सुरुवात करा. घराघरात त्यांचा पाय असतो, सून कुणाशी बोलत नाही हे त्यांना आधी कळतं. पण सगळं त्यांच्याच अंगावर टाकू नका, त्यांच्याकडे आधीच कामांचा ढीग आहे. अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शाळेतले खेळाचे शिक्षक (मुलं यांच्याशी बोलतात, गणिताच्या सरांशी नाही), बचत गटाच्या ताई.

मग ती माणसं, ज्यांना कुणी बैठकीला बोलावत नाही. सकाळच्या एसटीचा कंडक्टर, जो रोज तीच पोरं बघतो. टेनिस बॉल क्रिकेटच्या टीमचा कप्तान. नमन-खेळ्यांचं नाहीतर दशावताराचं मंडळ, जिथे विशीतली पोरं रात्र रात्र एकत्र असतात. टपरीवाला. बंदरावरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. बोटींवरच्या खलाशांमध्ये परप्रांतातली, नेपाळमधलीही तरुण मुलं असतात, ती आपल्या हद्दीत आहेत म्हणजे आपलीच आहेत. टेली-मानसवर हिंदीतही बोलता येतं, हे त्यांना सांगायला हवं.

आणि मुंबई मंडळ. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला जे मंडळ वर्गणी काढतं, तेच मंडळ गावाहून नव्याने मुंबईत आलेल्या पोराला महिन्यातून एकदा फोन करू शकतं. याला खर्च नाही. हे काम मंडळाने अंगावर घ्यावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

पहिली बैठक कशी घ्यावी?

भाषण नको. देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेत बसा, आणि एकच कागद भरा. डावीकडे प्रसंग लिहायचे: मूल आठ दिवस शाळेत आलं नाही, मुलीने मैत्रिणीला “मला जगायचं नाही” असा मेसेज केला, तरुण खूप प्यायला लागलाय आणि कामावर जात नाही, कुणी आत्महत्येचा प्रयत्न करून दवाखान्यातून घरी आलंय. समोर एकेका माणसाचं नाव आणि नंबर. “शाळा” किंवा “आरोग्य खातं” असं लिहू नका, फोन खातं उचलत नाही, माणूस उचलतो. प्रत्येक नावापुढे दुसरं नाव ठेवा, कारण पहिला माणूस मे महिन्यात लग्नाला गेलेला असतो. रात्री गाडी कुणाची, तेही लिहा. पावसात रस्ता बंद झाला तर दुसरी वाट कोणती, हेही आपल्याकडे लिहावं लागतं.

मुलांनाही बोलवा, दोन मुली आणि दोन मुलगे तरी. कागदावर आपण लिहिलेली नावं वाचून ती कधी कधी सांगतात, “या काकांना आम्ही मरेपर्यंत काही सांगणार नाही.” तेव्हा रागावू नका. नाव बदला.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावं?

मरणाबद्दल, “माझा सगळ्यांना त्रास आहे” असं बोलणं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं. सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे मेसेज. झोप आणि जेवण बिघडणं. मित्रांपासून, खेळापासून तुटणं. अचानक दारू किंवा बेफाम गाडी चालवणं. अंगावर स्वतः केलेल्या जखमा. फार दिवस उदास असलेलं मूल एकाएकी शांत झालं तरी निर्धास्त होऊ नका, जवळ जाऊन बोला. “नाटकं करतोय”, “लक्ष वेधून घेतोय” असं कुणी म्हटलं तर त्याला सांगा की लक्ष हवंय म्हणूनच ते मूल ते करतंय, मग लक्ष द्या.

थेट विचारलं तर नको तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल ना?

नाही. विचारल्याने धोका वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट, कुणीतरी न घाबरता विचारलं याचा दिलासा वाटतो.

अडचण विचारण्याच्या पद्धतीत आहे. “काय झाला रे?” “काय नाय.” आपल्याकडची बहुतेक संभाषणं इथेच आटपतात. समोर बसवून उलटतपासणी केली की पोरं गप्प होतात. जाळं सांधताना, काजू सोलताना, गाडीवरून बाजाराला जाताना बोला. हात कामात असले, नजर दुसरीकडे असली की बोलणं सोपं जातं. जे दिसलं तेच सांगा: “गेले काही दिवस तू मैदानावर येत नाहीस, जेवणही नीट नाही.” मग थांबा. ते थांबणं अवघड जातं, पण मधेच उपदेश घुसवू नका. मग सरळ विचारा: “कधी कधी माणसाला इतका त्रास होतो की जगू नये असं वाटतं. तुझ्या मनात तसं येतं का?” हो म्हणाला तर दचकू नका, शपथा घालू नका, आईबापाच्या उपकारांची यादी वाचू नका. “सांगितलंस ते बरं केलंस. आता हे तुझ्या एकट्यावर नाही” एवढं म्हणा, आणि पुढचा फोन त्याच्यासोबत बसून करा.

“कुणाला सांगू नका” असं त्याने म्हटलं तर?

जिवाचा प्रश्न असेल तर गुपित ठेवायचं वचन देऊ नका. पण गावभर करायचंही नाही. ज्याला कळलं तरच मदत होईल, त्यालाच सांगायचं, आणि मुलाला आधी सांगून: “मी हे फक्त तुझ्या मावशीला आणि डॉक्टरांना सांगतोय.” घरातलाच कुणी छळत असेल तर त्याच घरात निरोप देऊ नका. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते घरगुती पातळीवर “मिटवायचं” नसतं. आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचंही नाव, खूण, फोटो येता कामा नये. एकदा विश्वास गेला की त्या गावात पुढची पाच वर्षं कुणी तोंड उघडणार नाही.

घरात काय काळजी घ्यावी?

टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळापुरता अनावर होतो. तेवढा वेळ धोक्याच्या वस्तू हाताशी नसल्या तर जीव वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकजण पुढे जगतात. आंबा-काजूच्या बागायतीत फवारणीची औषधं पडवीत, खाटेखाली ठेवायची पद्धत आहे, ती मोडायला हवी. कुलूपबंद पेटी, किल्ली एका मोठ्या माणसाकडे, उरलेलं औषध घरात साठवायचं नाही. आजोबांच्या गोळ्यांचंही तसंच. श्रीलंकेने जास्त विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त उतरलं. त्यातून शेतीचं उत्पादन घटलं असंही झालं नाही. बागायतदार संघाने सामायिक कुलूपबंद कपाट केलं तर उत्तमच.

डॉक्टर आहेत कुठे? रत्नागिरीला पाठवायचं की काय?

“याला रत्नागिरीला पाठवा” हे आपल्याकडे टोमण्यासारखं बोललं जातं, आणि त्या टोमण्याने किती मुलं गप्प बसली असतील याचा विचार करून वाईट वाटतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे, राज्यात अशी चारच आहेत, आणि तिथे माणसं बरी होऊन घरी जातात. पण उदासी, भीती, झोप न लागणं यासाठी बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत तपासणी होते. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी कुठे बसतात, आणि ते वार शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. गुहागर-राजापूरच्या आतल्या वाडीतून एक दिवसाची मजुरी बुडवून गेलेला माणूस “आज डॉक्टर नाहीत” ऐकून परत आला, की दुसऱ्यांदा जात नाही. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली ती अशाच अंतरांसाठी. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात.

घरचे म्हणतात आधी देवाला गाऱ्हाणं घालू, कौल लावू. त्यांना कसं समजवायचं?

भांडू नका. गाऱ्हाण्याने घराला धीर मिळत असेल तर तो मिळू दे. गाऱ्हाणं सकाळी आणि डॉक्टर दुपारी, एवढंच मागणं ठेवा. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दुवा मागायला आलेल्यांना तिथेच मानसोपचारही मिळतील अशी सोय झाली, दर्ग्यातल्या माणसांनीच लोकांना डॉक्टरांकडे पाठवलं. आपल्याकडचे गुरव, मानकरी, पुजारी हे करू शकतात. मारहाण, उपाशी ठेवणं, चटके, भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ हे मात्र २०१३ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे गप्प बसायचं नाही.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर पोलीस केस होते का?

या भीतीने माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस विचारपूस करतील, पण त्या मुलाला आरोपी करता येत नाही. आधी दवाखाना गाठा.

आमची शाळा लहान, समुपदेशक परवडत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. कोकणातल्या किती शाळांचा पट शंभरच्या आत आहे ते तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्यासाठी ही दुसरी वाट आहे, आणि ती एकट्या शाळेला जमणारी नाही. पाच-सहा शाळा मिळून आरोग्य केंद्राशी, जिल्हा रुग्णालयाशी लेखी ठरवून घ्या.

मुलांशी वर्गातच मोकळं बोलण्याचा उपयोग होतो. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांतल्या अकरा हजारांवर मुलांसोबत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानसिक आरोग्यावर चर्चा आणि छोटे नाट्यप्रसंग घेतलेल्या शाळांत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, असं काही न घेतलेल्या शाळांच्या मानाने, वर्षभरात जवळपास निम्मं दिसलं. नाट्यप्रसंग करायला आपल्या पोरांना शिकवावं लागणार नाही.

गावच्या साध्या माणसांनी हे केल्याने खरंच फरक पडतो?

पडतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर यांची साखळी बांधली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातलीच माणसं शिकून तयार झाली, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायची. ही काही शहरातली तज्ज्ञ मंडळी नव्हती.

गावात अशी घटना घडूनच गेली तर?

पहिल्या दोन दिवसांत अफवा थांबवा. कसं, कुठे, चिठ्ठीत काय, यातलं काहीही फॉरवर्ड करू नका, बातमीदारालाही देऊ नका. तपशील पसरले की दुसऱ्या खचलेल्या मुलाला धोका वाढतो. मोठमोठे फलक लावू नका. त्या मुलाचे जवळचे मित्र, बहीण-भाऊ, त्याच्याशी शेवटचं भांडलेला मुलगा, एवढ्यांची यादी करून प्रत्येकाशी एकेका मोठ्या माणसाने बोलायचं.

आणि त्या घराला वाळीत टाकल्यासारखं करू नका. तेराव्यापर्यंत अंगण माणसांनी भरलेलं असतं, मग कुणी फिरकत नाही. शेजारची बाई विहिरीवर भेटली तर नजर चुकवते, कारण काय बोलावं ते सुचत नाही. काही सुचलं नाही तरी जा, चहा घ्या, त्या मुलाचं नाव घेऊन बोला. पहिला गणपती, पहिला शिमगा, पालखी दारात येते तो दिवस, या वेळी कुणीतरी त्या घरी बसायला असावं.

खर्च किती येतो?

फारसा नाही. गाडीचं पेट्रोल, फलक, प्रशिक्षणाच्या दिवसाचं जेवण. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आरोग्याखाली मागता येतं, ग्रामसभेत विषय मांडा.

ऐकून ऐकून कार्यकर्त्यालाच त्रास होतो, त्याचं काय?

होतो. म्हणून दोघांच्या जोड्या करा, एकाला एकाच वेळी दोनपेक्षा जास्त घरं देऊ नका, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी आपलं आपलं बोलायला बसा. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

वर्षात कधी काय करावं?

जून-जुलैत मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा बंदरावरची बैठक. गणपतीत चाकरमानी गावात असतात, तेव्हा मुंबई मंडळासोबतचं बोलणं. १० सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिन बहुतेकदा त्याच दिवसांच्या आसपास येतो. दिवाळीनंतर शाळांतले नाट्यप्रसंग. शिमगा आणि परीक्षा एकत्र येतात, तेव्हा नवीन काही काढू नका.

सगळ्यात महत्त्वाचा निकालाचा आठवडा. निकालाच्या आधीच काठावरच्या मुलांची नावं शिक्षकांनी मनाशी काढून ठेवावीत, आणि त्या दिवशी दुपारी प्रत्येकाच्या घरी एक ओळखीचं माणूस आधीच जाऊन बसलेलं असावं, निकाल काहीही लागो. सोबत पुरवणी परीक्षेच्या अर्जाची तारीख लिहिलेला कागद न्यावा. वाडीच्या ग्रुपवर त्या दिवशी टक्केवारी टाकायची नाही, असं ठरवता आलं तर ग्रुपच्या अॅडमिनला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.